जिवंत पितर

चहा पोटात गेला की हॉल सुटतो.

आधी पाय जातात. असतात तिथेच, पण माझे राहत नाहीत. मग खिडकीतलं ऊन घट्ट होत जातं, काकवीसारखं, आणि त्या उन्हात एकेक कॉट जागेवरून हलते. कुणी ढकलत नाही. दावं सोडल्यावर नाव जशी आपली आपण निघते, तशा आमच्या कॉटा रांगेनं दाराबाहेर पडतात, द्राक्षबागांच्या मधून जातात आणि गोदावरीत उतरतात. पाण्याला आवाज नसतो. वरून राख पडत असते. मी उभा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राखेच्या पाइपांवर काढला, त्यामुळे माझ्या स्वप्नात राखच पडते. ज्वारीच्या पिठासारखी मऊ, कोमट. सगळ्यांच्या अंगावर बसते, सगळे पांढरे होतात आणि कुणी कुणाला हाक मारत नाही.

छान वाटतं. खोटं कशाला सांगू. तेच तर घाण आहे त्यातलं, की छान वाटतं.

चहात झोपेची गोळी कुटून घातलेली असते. सकाळी नाश्त्याला आणि परत दुपारी. हॉलमधल्या सगळ्यांना ते माहीत आहे आणि सगळे चहा पितात. नाही प्यायलं तर सहादू येऊन उभा राहतो. सहादू म्हणजे आमचा आचारी, न्हावी, परीट, हमाल, सगळंच. एवढ्या म्हाताऱ्यांच्या मागे तो एकटा. "प्या ना बाबा," म्हणतो, "तुम्ही झोपलात का मला चादरी धुता येतील." त्याच्यावर धड रागावताही येत नाही. रागवायचं ते चैताली मॅडमवर. आश्रम त्यांचा. नाव मी सांगत नाही. नाव सुंदर आहे. असल्या जागांची नावं सुंदरच असतात, माया, छाया, सावली, असलं काहीतरी घातलेलं. म्हसरूळच्या पुढे, रस्त्यापासून आत, दारात बोगनवेल. बघायला येणारा माणूस बोगनवेल बघतो, ऑफिसातला थंड पंखा बघतो आणि बापाला ठेवून जातो. माझ्या पोरीनंही तेच केलं.

माझ्या शेजारची कॉट कोंडाजीची. सटाण्याकडचा माणूस, आमच्यात वयानं सगळ्यात मोठा. त्याच्या डोक्यात वर्षं एकमेकांत मिसळली होती. त्याला वाटायचं कांदा काढायला आलाय, मजूर बांधावर येऊन थांबलेत आणि आपण उगाच परक्याच्या ओट्यावर बसलोय. संध्याकाळी गोळी उतरली की उठायचा, टोपी चढवायचा आणि गेटकडे निघायचा.

"माले घर जानं शे," म्हणायचा. रागानं नाही. एसटी स्टँडवर कुणी विचारलं तर सांगावं तसं.

मी म्हणायचो, "कोंडाजीभाऊ, आजची गाडी गेली."

"मंग सकाळनी धरसू," म्हणायचा आणि माझा हात धरून परत यायचा.

हे रोजचं होतं. त्याच्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकदा मात्र मी झोपेतून वर आलोच नाही आणि तो पार दिंडोरी रोडला जाऊन पोचला. एका मोटरसायकलवाल्यानं आणून सोडला, तो नेमका आश्रम बघायला आलेल्या एका कुटुंबाच्या समोर. वर मॅडमला म्हणाला, "बाई, माणसं सांभाळता का मोकाट सोडता?" ते कुटुंब बोगनवेल न बघताच निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची कॉट नव्हती. मॅडम म्हणाल्या, "त्यांना मागच्या खोलीत हलवलंय. त्यांच्याच सुरक्षेसाठी."

मागच्या खोलीत आधी मोडके वॉकर आणि रिकामे सिलिंडर असायचे.

त्यानंतर तो मला नदीत दिसायला लागला. आमच्या सगळ्यांच्या कॉटा वाहत पुढे जायच्या आणि कोंडाजीची एकटीच काठाला अडकलेली असायची. तो हात वर करायचा प्रयत्न करायचा. हात वर यायचा नाही. मी वळून बघायचो, पण नदी पुढे नेत असते, थांबत नाही. राख पडत राहायची.

एकदा अशीच नाव पुढे चालली असताना मी उतरलो. पाणी घोट्याएवढं होतं, मग नव्हतंच, नुसती गार फरशी होती. मी भिंतीला धरून चालत होतो आणि भिंत भाकरीच्या पिठासारखी मऊ लागत होती. बोळाच्या टोकाला खिडकी होती. खिडकीच्या आत कोंडाजी. दोन्ही मनगटं कॉटेच्या दांड्यांना बांधलेली, जुन्या लुगड्याचे हिरवे काठ फाडून. खाली गादी ओली. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कांदा सडी गया रे भाऊ," म्हणाला.

मी खिडकीतून हात आत घातला, बाही त्या ओल्या गादीला लागली. मग सहादूचे हात माझ्या काखेत आले आणि मी परत नदीत.

संध्याकाळी जागा झालो तेव्हा कळेना, गेलो होतो का नव्हतो. बराच वेळ पडून विचार केला. मग शर्टाची बाही नाकाशी आली आणि कळलं. स्वप्नात वास येत नसतो. माझ्या राखेला कधी वास आलेला नाही, नदीला नाही. या बाहीला वास होता. कांदाचाळीत तळाचा थर नासतो तसा, गोड आणि कुजका. माणसाची पाठ होती ती. सतत उताणं, ओल्यात, बांधून ठेवलेल्या माणसाच्या पाठीला भोक पडतं आणि ते आत आत जातं. त्याला वेळेवर कूस बदलून देणं एवढंच औषध असतं. तेवढंही दिलं नव्हतं.

आमचा फोन रविवारी. मॅडमच्या हातात फोन, स्पीकर चालू. पलीकडे माझी पोरगी आशा.

"आशा, इथं कोंडाजीला बांधून ठेवलंय."

"कोण कोंडाजी, बाबा?"

"माझ्या शेजारचा. पाठ सडलीये त्याची. मी बघून आलो."

मॅडम फोनकडे वाकल्या. आवाज कसा, साखरेत घोळलेला. "ताई, झोपेतून उठले की बाबा असं बोलतात. परवा म्हणत होते, कॉट नदीत गेली."

म्हणालो होतो मी. सहादूला. गमतीनं.

आशा मग म्हणाली, "स्वप्न असेल बाबा. तुम्ही आराम करा. मी येते पुढच्या आठवड्यात."

माझी पोरगी वाईट नाही. तिला दोन पोरं आहेत, नोकरी आहे, सासू आहे. बाप सुखात आहे हे तिला खरं असायला हवं होतं, म्हणून तिनं ते खरं धरलं. अशीच चालतात ही दुकानं. म्हातारा बोलला तर भास, गप्प राहिला तर समाधान. डॉक्टर येतो, ऑफिसात बसून चहा पितो. त्याच्या चहात गोळी नसते, तरी त्याला काही दिसत नाही.

मग पितृपक्ष लागला आणि आम्ही जागे झालो.

याचं कारण सांगतो. पितृपक्षात आश्रमाला मोठी मागणी. रोज कुणाची ना कुणाची तिथी असते. लोक रामकुंडावर जाऊन येतात आणि मग म्हाताऱ्यांना जेवू घालायला इकडे येतात. बापाच्या नावानं खीर, आईच्या नावानं वडे. त्यांना फोटो हवा असतो आणि फोटोत आमचे डोळे उघडे हवे असतात. म्हणून त्या पंधरवड्यात सकाळचा चहा नुसता चहा असायचा. गोळी जेवणानंतर. वर्षभर मेल्यासारखे पडलेले आम्ही, मेलेल्यांच्या पंधरवड्यात दुपारपर्यंत जिवंत. चादरी पांढऱ्या, दाढ्या केलेल्या, उदबत्ती लावलेली. मॅडमनी शिस्त लावून दिलेली: पानं वाढून झाली तरी हात मांडीवर ठेवायचे. फोटो होईल, मॅडम "घ्या" म्हणतील, मग जेवायचं.

"कावळेच आपण, कारभारी," नवसाबाई म्हणाली. "निस्ते काळे नाय."

नवसाबाई सिन्नरकडची. तिची कॉट बायकांच्या रांगेत शेवटची, मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. दात एकही नाही आणि जीभ मात्र धारेची.

"काय ऐकू येतं का भिंतीतून?" मी विचारलं.

तिची मस्करी बंद झाली. "आधी कॉट आपटायचा भिताडावर. मग हात आपटायचा. आता निस्तं नख वाजतंय, उंदरावानी." मग म्हणाली, "लवकर काय ते कर. नख बी थांबंल."

त्याच दुपारी मी एका दात्याची बाही धरली. कपाळाला गंध, अंगाला अत्तर. "साहेब, जरा मागच्या खोलीत चला," म्हणालो.

मॅडम लगेच हजर. "बाबांना ना, आपलं घर सगळ्यांना दाखवायचं असतं."

साहेब हसले आणि खाली वाकून माझ्या पाया पडले. पाया पडणाऱ्या माणसाला काही ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो उठेपर्यंत सहादूनं मला जागेवर नेलं होतं. त्या दिवशी माझ्या चहात गोळी दुप्पट असावी. नदी इतकी रुंद झाली की काठच दिसेना.

पुढे ओझरच्या माणसांची पाळी आली. सोमनाथ त्याचं नाव, विमानांच्या कारखान्यात कामाला. बाप नाथा गेला त्याला वर्ष झालेलं. दारात बापाच्या फोटोचा फ्लेक्स लावला. बायको पूजा मोबाइलवर शूटिंग करत होती. सोबत सोमनाथची आत्या, धोंडाबाई, नऊवारी, कपाळ मोकळं, हातात स्टीलचा डबा. आश्रमाच्या खिरीवर तिचा विश्वास नव्हता. भावाला आवडायची तशी खीर ती घरून करून घेऊन आली होती आणि स्वतः वाढत होती.

मी त्या सकाळी जागा होतो, पण आदल्या दिवसाचं औषध अजून अंगात होतं. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. खिरीची वाफ वर जायची आणि वर गेली की परत खाली यायचीच नाही, तिथेच तरंगत राहायची. पत्रावळीवर उडदाचे वडे, कढी, गवार, भोपळा. सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. त्या शांततेत मला भिंतीतून नखाचा आवाज आला. कानावर विश्वास नव्हता म्हणून नवसाबाईकडे बघितलं. तिनं मान हलवली. नख वाजलं, थांबलं, परत वाजलं. मग थांबलं.

फोटो झाला. मॅडम म्हणाल्या, "घ्या."

माझा हात उठला नाही.

मी ठरवलं नव्हतं, खरं सांगतो.  मी भिंतीकडे कान लावून बसलो होतो, नख परत वाजतंय का म्हणून. नवसाबाईनं वडा उचलला होता, तो तिनं परत पानावर ठेवला आणि हात मांडीवर घेतला. तिच्या शेजारणीनं तिच्याकडे बघून तेच केलं. मग पुढची. मग आमची रांग. झोप जशी हॉलभर पसरायची तसं ते पसरलं, सावकाश, कुणी कुणाला काही न सांगता. अर्ध्यांना तर कारण माहीतच नव्हतं. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून पानाकडे बघत बसली.

"घ्या ना काका," सोमनाथ म्हणाला. "गरम आहे, सावकाश घ्या."

कुणी हललं नाही.

"तिखट झालंय का? पूजा, पाणी दे यांना."

पूजानं मोबाइल खाली केला. मॅडम रांगेतून फिरल्या, हसत, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत. माझ्या खांद्यावर आल्या तेव्हा बोटं रुतली. "आजोबा, नाटक नको हं," हळूच म्हणाल्या.

धोंडाबाई हातातला डबा घेऊन मधोमध उभी होती. तिनं एकदा सगळ्या पानांवरून नजर फिरवली. चेहरा उतरला.

"सोमनाथ," ती म्हणाली, "शिवंना झालंय रे."

"आत्या, काय पण बोलते."

"काय पण काय? दहाव्याला बी असंच झालतं. ऊन डोक्यावर आलं तरी एक कावळा खाली उतरला नव्हता. तू घड्याळ बघत व्हता, मला ड्युटी हाय म्हणून. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. मी तवाच म्हणलं होतं, दादाचं काय तरी राहिलंय."

"ती जिवंत माणसं आहेत आत्या, कावळे नाहीत."

"आज त्याच्या नावानं बसलेत ना?" तिनं डबा खाली ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि पंगतीपुढे हात जोडले. आवाज वेगळाच निघाला, घाटावर निघतो तसा. "नाथादादा, काय राहिलं तुझं? बोल बाबा. पोरींना विहिरीवरचा वाटा द्यायचा राहिला का? देतो. देतो म्हण रे."

"आत्या, लोक बघतायत."

"देतो म्हण."

"देतो," सोमनाथ म्हणाला.

ती वाट बघत राहिली. आम्हीही बसून राहिलो. पंखा फिरत होता. मला वाटलं आम्ही खरोखरच मेलेले आहोत, उंच कुठल्यातरी फांदीवर बसलोय आणि खाली ही माणसं उन्हात उभी राहून आमची विनवणी करतायत. मला त्या बाईची फार दया आली.

"भाऊबंदांशी बोलत नाय म्हणून का? बोलंल तो. बोलशील ना रे?" परत थांबली. मग आवाज खाली गेला. "का तुला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, ते मनात हाय? चुकलो दादा. म्हातारपणाचंच असंल म्हणून बसलो आम्ही."

सोमनाथनं मान फिरवली. त्याला ते लागलं होतं.

तेव्हा मी मान वर केली.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या भावाचं काही मागणं नाही. आमचा एक माणूस राहिलाय. मागच्या खोलीत आहे, बांधलेला. वयानं सगळ्यात मोठा तो. तो पंगतीला आला का आम्ही जेवतो."

मॅडम चटकन पुढे झाल्या. "बाबांना भास होतात हो. औषध चालू आहे त्यांचं. तुम्ही मनावर घेऊ नका."

"तुम्ही थांबा जरा," धोंडाबाई म्हणाली. "मी इचारलं, त्यांनी सांगितलं. आता करावं लागंल."

"तिथं आजारी पेशंट आहेत. बाहेरच्यांना परवानगी नाही. खोलीला कुलूप आहे."

"माणूस आत आन् कुलूप बाहेरून?"

मॅडम म्हणाल्या, किल्ली ऑफिसात नाही, शोधावी लागेल. धोंडाबाईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिनं सरळ सहादूसमोर तळवा धरला, वाढप्याकडे मीठ मागावं तसा. सहादूनं खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

"मला एकट्याला उचलवत नाहीत हो ते," तो म्हणाला. "चैताली मॅडमना सांगितलं होतं, अजून एक माणूस द्या म्हणून."

मी त्यांच्या मागे गेलो. बोळाची भिंत आज कडक होती. दार उघडलं आणि तो वास सगळ्यांच्या अंगावर आला. सोमनाथ कोपऱ्यात जाऊन ओकला. विमानांचं काम करणारा धट्टाकट्टा माणूस, ओकला. पूजाच्या हातात मोबाइल तसाच चालू होता, तिला भानच नव्हतं.

"व्हिडिओ बंद करा," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा पूजानं मोबाइलकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी नीट वर धरला.

कोंडाजी होता. खरा होता. निम्मा झालेला, ओठ फाटलेले, डोळे उघडे. एका हाताची नखं भिंतीला लागतील एवढाच लुगड्याचा काठ सैल होता. धोंडाबाई त्याच्या उशाशी बसली आणि गाठी सोडायला लागली. ओल्यानं गाठी घट्ट बसल्या होत्या, तिनं दातांनी सोडवल्या. त्या घाणीत, दातांनी. मी हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की हे बघणाऱ्यांनी नाक दाबलं होतं.

"तू कोन शे?" कोंडाजीनं तिला विचारलं. आवाज वाळलेल्या पाल्यासारखा.

"पाव्हणी हाय मी."

"मजूरस्ले जेवन दिधं का?"

तिला भाषा कितपत कळली कोण जाणे. "तुमच्यासाठी थांबलेत समदे," म्हणाली.

मॅडम दारातून बोलत होत्या. थांबत नव्हत्या. त्यांच्या पुतण्यानं संमती दिली आहे. बांधलं नसतं तर परत रस्त्यावर गेले असते, गाडीखाली आले असते, तेव्हा तुम्हीच आम्हाला बोलला असता. बाहेर जाऊन विचारा, सगळीकडे असंच करतात. यातलं निम्मं खरं होतं. म्हणूनच तर हे चालतं. निम्मं खरं असतं आणि त्याच्याखाली माणूस सडत असतो.

सोमनाथ तोंड पुसत म्हणाला, "जखमेलाही संमती घेतली होती का?"

मग त्यानं एकशे आठला फोन लावला. फोनवर पत्ता सांगताना त्याचा आवाज फुटला आणि शेवटचं पूजानं सांगितलं.

कोंडाजीला पाठीखाली हात घालून उचलता येईना, म्हणून कॉटच उचलली. सोमनाथ, सहादू, सोमनाथच्या गाडीचा ड्रायव्हर आणि एका बाजूला मी. माझा उपयोग काही नव्हता, पण मी दांडा सोडला नाही. हॉलमधून न्यावं लागलं, दुसरा रस्ता नव्हता. पंगतीच्या दोन रांगांमधून कॉट चालली. पाण्याशिवाय. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धुळीचे कण होते, नुसते धुळीचे. सगळे म्हातारे बघत होते. कुणाला ओकारी आली नाही. आपलंच कुणी न्यावं तसं बघत होते.

नवसाबाईनं हात वर केला तशी कॉट थांबली. तिनं आपल्या पानावरच्या खिरीत बोट बुडवलं आणि कोंडाजीच्या ओठाला लावलं. त्यानं जीभ फिरवली.

"गोड कमी शे," म्हणाला.

"दादाला कमीच लागायचं," धोंडाबाई म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली.

नवसाबाईनं तेच बोट चाटलं, मग वडा उचलला. सगळी पंगत एकदम जेवायला लागली. गार झालेली कढी ओरपण्याचा आवाज हॉलभर झाला. ते ऐकत आम्ही दाराबाहेर पडलो.

अँब्युलन्स आली तेव्हा त्याच्यासोबत कोण जाणार हा प्रश्न निघाला. पुतण्या फोन उचलत नव्हता. मी चढलो.

"बाबा, उतरा खाली," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीची परवानगी लागते."

"बोलवा तिला. दवाखान्यात बोलवा."

सोमनाथला म्हणालो, आमच्या चहात काय घालतात ते एकदा बघ. धोंडाबाईनं ते ऐकलं. तिनं डोळे पुसले, आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी मांडी घालून बसली. गाडी वळेपर्यंत मला ती दिसत होती. चुलीपर्यंत कुणाला जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलेलं दिसलं.

रस्त्यानं मी बाहेर बघत राहिलो. दुपार होती. चहाची वेळ होऊन गेली होती आणि मी जागा होतो. हात कापत होते, घाम सुटला होता, अंग ते औषध मागत होतं. तरी दिसत सगळं होतं. पेठ रोडची टपरी, पंक्चरवाला, भाजीच्या टेम्पोवर झोपलेला माणूस, शाळेतून घरी चाललेल्या पोरी. प्रत्येक वस्तूला कडा होती. एवढ्या कडा बघून डोळे दुखले. कोंडाजी पोटावर झोपवलेला, माझा अंगठा मुठीत धरून.

"कथा लई जास माले?" त्यानं विचारलं.

"दवाखान्यात."

"घर नही?"

"नाही, कोंडाजीभाऊ. घर नाही."

खोटं बोलणं सोपं होतं, गाडी आलीये म्हणून सांगता आलं असतं. पण आता मला त्याला झोपवायचं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, माझ्या आशाएवढी. तिनं पाठीवरची चादर काढली आणि जखम बघितली. मग म्हणाली, "पोलिसांना कळवावं लागेल. तुम्ही सांगाल त्यांना?"

"सांगेन. सगळं सांगेन. म्हणतील, म्हाताऱ्याला भास होतात."

"म्हणू दे," ती म्हणाली. "ही पाठ कुणाचा भास नाही." आणि हातमोजे चढवले. "वाचतील का ते आज नाही सांगत. आधी हे कुजलेलं काढू. दुखणार आहे. तुम्ही हात धरा त्यांचे."

हात धरायचे म्हटल्यावर मी त्याच्या मनगटांकडे बघितलं आणि बोटं धरली.

तिनं जखमेत पाणी सोडलं आणि कोंडाजी ओरडला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आश्रमात कधी कुणी ओरडलं नव्हतं. महिनेन् महिने त्या हॉलमध्ये कुणी ओरडलं नव्हतं, आणि बघायला येणारे म्हणायचे, किती शांत आहे इथं. कोंडाजी ओरडला, मग त्यानं डॉक्टरणीच्या बापाला, आजाला आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांना एका दमात अशा शिव्या दिल्या की पलीकडच्या खाटेवरचा पाय मोडलेला गडी उठून बसला.

"आजोबा, शिव्या द्या," डॉक्टरीण म्हणाली, "पण हलू नका."

त्यानं दोन्ही केलं.